विहीर पाच : आत माणूस

ज्यांना खाली 'फेक आहे', 'स्टोरी रचली' असं लिहायचंय, त्यांनी ते आत्ताच लिहून मोकळं व्हावं. मला फरक पडत नाही. जिच्यावर हे बेतलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला ती आपल्या पंगतीलाही बसू द्यायची नाही.

बुधवार, ११ मे २०१६.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. भर दुपारचे बारा चाळीस झाले होते.

जागा म्हणाल तर बीड जिल्हा, दिंद्रुडच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, कोर्टात केस चालू आहे.

माझी ही बहीण अंजना. पुण्यात एका कंपनीत कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे कम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तिचं काम काय, तर त्या गाभ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला, कोणी वापरत नसलेला कोड शोधायचा आणि उडवायचा. यंत्र कधीच भंगारात गेलेलं असतं, पण त्याच्या रजिस्टरांची नावं कोडात तशीच लोंबत असतात. रजिस्टर म्हणजे यंत्रातला एक छोटा कप्पा. त्यात आकडा टाकला की मोटर चालू होते, त्यातला आकडा वाचला की विहिरीत पाणी किती ते कळतं. यंत्रच नाही तर कप्पा कशाला?

अंजना तो काढून टाकायची. आणि काढता काढता लिहिणाऱ्याची अक्कलही काढायची.

त्या मे महिन्यात ती वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी आली होती. दुष्काळ असा, की धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. गावाला पाणी देत होती ती फक्त सहकारी पाणीसंस्था. चार विहिरी, चार पाणबुडी मोटरी, एक पंपघर. लाइट यायची दिवसातून तीन तास, अकरा ते दोन.

आणि त्या तीन तासांत रोज बारा चाळीसला चारही मोटरी आपोआप बंद पडायच्या.

वीस मिनिटं.

एक वाजता आपोआप चालू.

त्या वीस मिनिटांत खालच्या दोन वस्त्यांचं पाणी जायचं. तिथल्या बाया तीन कोसांवरून हंडे आणत होत्या.

संस्थेचे चेअरमन सुंदरराव स्वतः अंजनाच्या घरी आले. अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. गावात अंघोळीला पाणी नव्हतं, पण चेअरमनच्या कपड्यांना नीळ मिळत होती.

"पोरी, तू कम्प्युटरवाली. तेवढी पेटी बघ."

"काका, कर्नल बघावा लागेल."

"कर्नल? मिल्ट्रीतला?"

सोबतचे दोन संचालक मोठ्यानं हसले. चेअरमन हसले की हसायचं, एवढंच त्यांना सहकारातलं कळत होतं.

अंजनानं मनातल्या मनात तिघांनाही मूर्ख ठरवलं आणि सोमवारी सकाळी पंपघरात जाऊन बसली.

पंपघर म्हणजे पत्र्याची एक खोली. आत भिंतीतून चार पाइप आलेले. पाचवाही होता, पण तो कापून तोंडाला लोखंडी टोपण बसवलेलं. नियंत्रणाच्या पेटीतही तसंच. प्रत्येक विहिरीचं एक कार्ड, अशी चार कार्डं. पाचवी खाच रिकामी.

तिनं लॅपटॉप जोडला. कोड उघडला.

"कोणी लिहिलंय हे? गाढवानं?"

"चौसाळ्याचे हायेत, वीरभद्र म्हणून," दारातून सुग्रीव म्हणाला. सुग्रीव हा तिथला पंपचालक. "आता मोटरीच्या सामानाचं दुकान टाकलंय."

"तेच बरंय. नट-बोल्ट विकायचीच लायकी आहे."

कोडात पाचव्या कार्डाच्या रजिस्टरांच्या चाळीस ओळी होत्या. पाणी किती, मोटर चालू की बंद... आणि एक कप्पा, नाव 'आत माणूस'.

प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी एक खटका होता. गाळ काढायला माणूस उतरला की त्यानं खटका खाली ओढायचा. कप्प्यात एक यायचा. वर आल्यावर खटका वर, कप्प्यात शून्य. विहिरी आतून आडव्या बोअरनं जोडलेल्या होत्या. एकीच्या पाण्यात करंट उतरला तर दुसरीतला माणूस जायचा. म्हणून कुठल्याही एका कप्प्यात एक दिसला की कर्नल चारही मोटरी बंद ठेवायचा.

इथवर ठीक होतं. पण पाचव्या विहिरीचं कार्डच नव्हतं.

"पाचवी विहीर कुठाय?"

सुग्रीवनं बाहेर बोट केलं. पंपघरामागं मुरूम टाकून सपाट केलेली जागा होती.

"बुजिवली. तीन साल झाले."

"का बुजवली?"

"पाणी लागलं न्हाई." तो इतक्या पटकन म्हणाला, की अंजनानं वर बघितलं. पण तोवर तो बाहेर गेला होता.

त्या चाळीस ओळींच्या वर इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ होती.

'हे काढू नका. वीरभद्र.'

अंजना मोठ्यानं हसली.

बारा चाळीस होत आले. तिनं तो कप्पा स्क्रीनवर लावून ठेवला. कार्ड नसलेल्या जागेतून वाचलं की कायम २५५ येतं. तो नुसता कचरा असतो. कोड त्याच्याकडं लक्ष देत नाही.

२५५... २५५... २५५...

बारा चाळीस.

१.

चारही मोटरी एकदम थांबल्या.

अंजनानं पेटी उघडली. रिकाम्या खाचेत बोट घातलं. धूळ होती. तार नाही, काही नाही. स्क्रीनवर मात्र एकचा आकडा ठाम उभा होता.

बरोबर एक वाजता... २५५.

कचरा घड्याळ बघून येत नाही. हे तिला कळत होतं. पण पत्र्याखाली पंचेचाळीस डिग्री होती. उन्हानं पेटी तापते, सिग्नल बिघडतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. उपाय सोपा होता. वापरात नसलेलं उडवायचं. रोज तेच तर करायची.

मंगळवारी नवा कर्नल तयार करण्याआधी तिनं वीरभद्रला फोन लावला. विचारायला नाही, सुनवायला.

"तुमचा वापरात नसलेला कोड काढतेय."

पलीकडं दुकानातली गिऱ्हाइकं बोलत होती. मग दार लावल्याचा आवाज आला.

"वापरात न्हाई, असं कोण म्हणलं मॅडम?"

"कार्ड नाही, विहीर नाही. मग वापरतंय कोण?"



"म्या बी काढला होता," तो हळूच म्हणाला. "एकदा. संध्याकाळी परत टाकला. माझं ऐका, वीस मिनिटं जातेत तर जाऊ द्या."

"खाली दोन वस्त्या तहानेल्या आहेत, आणि तुम्ही मला भुताच्या गोष्टी सांगताय? शिकलेले आहात ना?"

"म्या भूत म्हणलोच न्हाई, मॅडम," वीरभद्र म्हणाला. "तुमीच म्हणल्या."

तिनं फोन आपटला. चाळीस ओळी उडवल्या. मग पूर्ण कर्नलमध्ये पाचव्या विहिरीचं नाव शोधलं.

एकही सापडलं नाही. साफ.

बुधवारी सुंदररावांनी पंपघरासमोर मांडवच घातला. संचालक आले, पेढे आले. पाणी नव्हतं, पेढे होते. अंजनाच्या गळ्यात हार पडला. तिनं तो लगेच काढून खुर्चीवर टाकला.

बारा अडतीस. चारही पाइपांची घरघर चालू.

बारा एकोणचाळीस.

बारा चाळीस...

घरघर चालूच!

टाळ्या पडल्या. सुंदररावांनी मांडवात उभं राहून सुग्रीवकडं बोट केलं. "बघ बे. तू म्हणत होतास हितं कायतरी हाय. काय हाय? अडाणीपणा हाय!"

सुग्रीवनं पेढा हातातच धरला होता. तो पाइपांकडं बघत होता.

बारा एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

मग चौथा पाइप थांबला.

तिसरा.

दुसरा...

पहिला.

मांडवातलं बोलणं आपोआप थांबलं. झाडावरचे होले घुमत होते, तेही गप्प झाले.

आणि त्या शांततेत एक घरघर ऐकू येत होती.

पाचव्या पाइपातून. कापलेल्या. टोपण लावलेल्या.

अंजना पंपघरात धावली. स्क्रीनवर कर्नलच्या नोंदींत एक नवी ओळ आली होती. तिनं स्वतःच्या हातानं काढलेली, नव्या कर्नलमध्ये कुठंच नसलेली ओळ.

'विहीर पाच : आत माणूस : २'

दोन.

खटका एकच होता. वर किंवा खाली. शून्य किंवा एक. त्या कप्प्यात दोन येऊच शकत नव्हतं.

पहिला विचार आला तो साधा होता. कोणीतरी खरंच विहिरीत उतरलंय.

"सुग्रीव! मेन काढ! विहिरी बघ!"

मेन काढला. लाइट गेली. पाचव्या पाइपाची घरघर काही थांबली नाही...

दोघं उन्हातून पळत सुटले. पहिली विहीर रिकामी. दुसरी, तिसरी रिकामी. चौथीच्या कठड्यावर एक बाई बसली होती. शेजारी पितळी घागर, कोरडी.

ती केशरबाई होती. तिचा नवरा धोंडीराम सुग्रीवच्या आधी तिथं पंपचालक होता. तीन वर्षांपूर्वी तो बाई घेऊन पळाला, असं सुंदररावांनी गावभर केलं आणि त्याचं सभासदत्व रद्द केलं. सभासद नाही, म्हणून केशरबाईला पाणी नाही. सहकार!

"मावशी, आत कोणी उतरलंय का?"

"कोण न्हाई."

"तुम्ही इथं काय करताय?"

केशरबाईनं सुग्रीवकडं बघितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. "रोज ह्या वक्ताला मोटरी थांबत्यात. सगळे जेवाया जातेत. म्या उतरते, एक घागर भरते. दुसरं कुटून आणू? आज वक्ताला मोटरी थांबल्याच न्हाईत. म्हणून उतरले न्हाई."

तिनं कोरडी घागर कमरेवर घेतली. "आज कावून थांबल्या न्हाईत, पोरी?"

अंजनानं विहिरीत वाकून बघितलं. मोटरी चालू असताना ही बाई त्या पाण्यात पाय टाकून उभी राहिली असती तर...?

तिघं परत आली. संचालक मांडव सोडून रस्त्याला लागले होते. सुंदरराव एकटे मागच्या मुरमावर उभे होते. पांढरं धोतर थरथरत होतं. वारा नव्हता. अंजना जवळ गेली तेव्हा कळलं... जमीनच थरथरत होती. खाली खोल काहीतरी चालू होतं.

"काका, चारही विहिरींत कोणी नाही. पण स्क्रीनवर दोन येतंय."

सुंदरराव गर्रकन वळले.

"दोन हे तुला कोण सांगितलं?"

अंजनानं पंपघराकडं बोट केलं.

"वीरभद्राला तर एकच ठावं होता..." असं सुंदरराव म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

पायाखालची थरथर त्याच क्षणी थांबली.

केशरबाई सावकाश पुढं आली. घागर तिच्या कमरेवरच होती. रडली नाही, ओरडली नाही.

"एक माझा मालक," ती म्हणाली. "दुसरा कोण?"

त्या घटकेलाही सुंदररावांच्या तोंडून जे आलं, ते अंजना मला सांगत होती तेव्हा तिची मूठ वळलेली होती.

"व्हता कुनीतरी परगावचा. विहीर खांदायला आलता. आठ रोजाचा गडी. त्याचं नाव कोण इचारतंय?"

मग सगळं बाहेर आलं. वीरभद्रनं स्वतः पोलिसांत जाऊन जबाब दिला. मे २०१३, तोही दुष्काळच. एक वाजता कोणी मोठे पाहुणे येणार होते. चेअरमनला त्यांना पाण्याची धार दाखवायची होती. पाचव्या विहिरीचा खटका खाली होता, मोटरी चालू होत नव्हत्या. चेअरमन म्हणाले, खटका बिघडलाय, आत कोण न्हाई, कर चालू. वीरभद्रनं बाहेर जाऊन बघितलं नाही. लॅपटॉपवरून त्या कप्प्यात हातानं शून्य लिहिलं.

बारा चाळीस झाले होते.

रात्रीतून मुरमाच्या गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी कार्ड काढायला तो गेला, तेव्हा खटका खालीच होता. धोंडीराम आत होता, एवढंच त्याला कळलं. पुढं कितीदा त्यानं त्या कप्प्यात शून्य लिहिलं, कोडही काढून बघितला. दुपारी तो परत एक व्हायचा.

"एवढं माहीत होतं, तर तीन वर्षं नट-बोल्ट विकत बसलात?" अंजनानं त्याला विचारलं.

 

जूनमध्ये विहीर उकरली. अडतीस फुटांवर दोघं सापडले. एकाच्या मनगटात तांब्याचं कडं होतं, ते केशरबाईनं ओळखलं. दुसऱ्याजवळ काहीच नव्हतं. मजुरांच्या ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, "नाव कसलं? आमी त्याला 'ए' म्हणायचो."

सुंदररावांना जामीन मिळाला. छातीत दुखत होतं म्हणे. त्यांना छाती आहे, हे गावाला तेव्हाच कळलं.

केशरबाईनं धोंडीरामाचे दिवस घातले. दुसऱ्याचं कोणी काय करायचं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. गावानं दोन मीटिंगा घेतल्या आणि चहा पिऊन उठलं.

अंजनानं त्या चाळीस ओळी परत टाकल्या. एक अक्षर न बदलता. आता काही होणार नाही, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी बारा चाळीसला मोटरी थांबल्या. कप्प्यात आकडा होता... १.

नव्या संचालक मंडळानं यावर काय केलं माहितीये? ठराव केला. दुपारी बारा चाळीस ते एक, पंपघराला जेवणाची सुट्टी. सर्वानुमते मंजूर.

पुढं दिवाळीत अंजना गावी गेली. पाऊस झाला होता, विहिरी भरल्या होत्या. कोड नीट चालतोय का बघायला ती दुपारी पंपघरात गेली. सुग्रीवला तिनं मोटरी चालू ठेवायला सांगितलं होतं. ती पेटीसमोर, दाराकडं पाठ करून बसली होती.

बारा चाळीस. मोटरी थांबल्या.

मागून कोणीतरी विचारलं. साधा, दमलेला आवाज होता. बांधावर भेटलेला माणूस विचारतो तसा.

"नाव काय?"

तिला वाटलं, पाणी न्यायला कोणी आलंय. स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "अंजना."

"ताई?"

हा आवाज सुग्रीवचा होता. लांबून, बाहेरच्या टाकीवरून. तो हात धूत होता. तसाच ओल्या हातांनी धावत दाराशी आला.

"ताई, कुणाला नाव सांगितलं?"

तिनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. भिंतीत पाचवा पाइप. त्याचं टोपण खाली पडलेलं होतं.

स्क्रीनवर कप्पा... २५५.

त्या दिवसापासून मोटरी एकदाही थांबल्या नाहीत. गाव खूश आहे. सुट्टीचा ठराव रद्द झाला, तोही सर्वानुमते.

अंजना पुण्यात आहे. नोकरी चालू आहे, तब्येत ठणठणीत आहे. मी उगाच काळजी करतो असं मावशी म्हणते.

परवा मी तिला फोन केला. म्हणालो, "अंजना?"

पलीकडं कोणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. सावकाश... जड... खोल कुठून तरी चढून आल्यासारखा.

मग ती म्हणाली, "कोण अंजना?"

आणि हसली. मस्करी केली, म्हणाली.

मी तिला लहानपणापासून ओळखतो.

अंजना कधीच मस्करी करत नाही.